फळीवरचा तोल

बर्फ म्हटला की आपल्याला काय आठवते? गोळेवाल्याची गाडी आठवते. लाकडाच्या भुशात झाकून ठेवलेली लादी आठवते. मासळीच्या पाटीत पसरलेला चुरा आठवतो. हा सगळा कारखान्यातला बर्फ. घट्ट आणि टणक.

आभाळातून पडणारा बर्फ निराळा. त्याला हिम म्हणतात. थंड मुलखात हिवाळ्यात हिम पडते. ते पिंजलेल्या कापसासारखे हलके असते. रात्रभर पडले की सकाळी घरे, झाडे, रस्ते सारे पांढरे दिसते. डोंगरावर तर त्याचे थरावर थर बसतात. त्यात माणूस मांडीपर्यंत रुततो.

पाय रुततो, पण लांब गुळगुळीत फळी रुतत नाही. असे का? कारण माणसाचा भार सगळ्या फळीवर वाटला जातो. पावसाळ्यात चिखलात आपण पाय ठेवायला फळकूट टाकतो. त्यातलाच हा प्रकार. हिमाच्या देशांतल्या लोकांनी ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली. ते दोन्ही पायांना एकेक लांब पट्टी बांधून हिमावरून घसरत जात. या पट्ट्यांना स्की म्हणतात.

स्कीचा एक धाकटा भाऊ आहे. त्याचे नाव स्नोबोर्ड. स्नो म्हणजे हिम आणि बोर्ड म्हणजे फळी. इथे दोन पायांना दोन पट्ट्या नसतात. दोन्ही पाय एकाच फळीवर बांधलेले असतात. अशी फळी पायाला बांधून डोंगर उतरणारी काही माणसे आम्हाला फार आवडतात. आम्ही स्वतः त्या फळीवर कधी उभे राहिलेलो नाही. पण चांगली कुस्ती पाहायला पैलवानच असावे लागते असे थोडेच आहे? डाव कळला की बघणाराला रंग चढतो. तर आधी डाव समजून घेऊ. मग माणसांकडे वळू.

फळी आली कुठून?

साल १९६५. नाताळचा दिवस. अमेरिकेत मिशिगन नावाचे राज्य आहे. तिथल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन नावाचे गृहस्थ राहत. मुलींना खेळायला काहीतरी हवे होते. त्यांनी दोन स्की शेजारी शेजारी ठेवून एकमेकींना जोडल्या. मुली त्यावर उभ्या राहून टेकडीवरून घसरू लागल्या. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून त्यावर उभे राहतात, त्या खेळाला सर्फिंग म्हणतात. स्नो आणि सर्फर हे दोन शब्द जोडून पॉपेन यांच्या पत्नीने या खेळण्याचे नाव ठेवले स्नर्फर. पुढे तशी खेळणी कारखान्यात होऊ लागली. त्यावर पाय बांधायची सोय नव्हती. फळीच्या टोकाला एक दोरी असे. ती हातात धरून तोल सांभाळायचा.

मग जेक बर्टन कार्पेंटर नावाच्या तरुणाने १९७७ साली व्हर्माँट राज्यात या फळ्या बनवण्याचा धंदा काढला. त्याने फळीवर पाय पक्के बांधायची सोय केली. पाय बांधले गेले आणि फळी हुकमात आली. तिकडे कॅलिफोर्नियात टॉम सिम्स हाही फळ्या बनवत होता.

पण स्कीवाल्यांना हे नवे पोरगे आवडले नाही. कितीतरी डोंगरांवर फळीवाल्यांना मज्जाव होता. हळूहळू दारे उघडली. १९९८ साली जपानमध्ये नागानो इथे हिवाळी ऑलिंपिक झाले. तिथे या खेळाला पहिल्यांदा जागा मिळाली. पोरींच्या खेळण्याला ऑलिंपिकला पोचायला ३३ वर्षे लागली.

फळी चालते कशी?

फळी साधारण दीड मीटर लांब आणि वीतभर रुंद असते. आत लाकूड असते. त्यावर काचतंतूचे थर चिकटवलेले असतात. तळाला गुळगुळीत प्लॅस्टिक असते. आणि चहूबाजूंनी पोलादाची बारीक कड असते. सगळी करामत या कडेत आहे.

फळीवर माणूस आडवा उभा राहतो. क्रिकेटमध्ये फलंदाज गोलंदाजाकडे खांदा करून उभा राहतो ना, तसा. फळीला ब्रेक नाही, सुकाणू नाही, हातात काठी नाही. टाचांवर भार दिला की टाचांकडची कड हिमात रुतते आणि फळी त्या बाजूला वळते. चवड्यांवर भार दिला की चवड्यांकडची कड रुतते आणि फळी दुसऱ्या बाजूला वळते. फळी उताराला आडवी करून वरची कड दाबली की ती थांबते. आणि चुकून खालची कड रुतली तर? तर माणूस असा उलटा आपटतो की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणजे सगळा खेळ तळपायाचा, घोट्याचा आणि गुडघ्याचा.

पन्हळीतला खेळ

फळीच्या शर्यती पुष्कळ तऱ्हेच्या आहेत. त्यांतली एक बघण्यासारखी आहे. तिला हाफपाइप म्हणतात. सिमेंटचा एक मोठा नळ आडवा ठेवला आणि मधून चिरला, तर एक पन्हळ उरेल. अशी पन्हळ डोंगराच्या उतारावर हिमातच कोरतात. मोठ्या स्पर्धांत तिच्या भिंती सुमारे २२ फूट उंच असतात. म्हणजे दुमजली घराएवढ्या.

खेळाडू एका भिंतीवरून वेगाने खाली येतो. समोरच्या भिंतीवर चढतो. काठावरून हवेत उडतो. हवेत गिरक्या घेतो, कोलांट्या खातो. पुन्हा त्याच भिंतीवर उतरतो आणि दुसऱ्या भिंतीकडे जातो. अशा पाच-सहा उड्या मारत तो पन्हळीच्या तळाशी पोचतो. पंच त्याला शंभरपैकी गुण देतात. ऑलिंपिकच्या शेवटच्या फेरीत प्रत्येकाला तीन संधी मिळतात. तिन्हींतली सर्वांत चांगली धरतात.

गिरक्या अंशांत मोजतात. एक पुरी गिरकी म्हणजे ३६० अंश. तीन गिरक्या म्हणजे १०८०. चार म्हणजे १४४०.

आता नवखा बघणारा काय बघतो? उडी किती उंच गेली ते बघतो. जाणता बघतो ते उतरणे. खेळाडू भिंतीच्या वरच्या भागात उतरला, तर भिंतीचा उतार त्याला अलगद खाली घेतो. धक्का बसत नाही आणि वेग वाढतो. तोच वेग पुढच्या उडीला उपयोगी पडतो. पण तो भिंत सोडून खाली सपाटीवर आदळला, तर सगळा मार गुडघ्यांवर बसतो. वेग मरतो. पुढची उडी आपोआप बसकी होते. म्हणजे एक उतरणे बिघडले की पुढचा सगळा हिशेब बिघडला. विहिरीत सूर मारणारे पोर आठवा. पाणी उडाले की सूर चुकला. आवाज न होता पोर आत गेले, तर काठावरचे म्हातारेही मान हलवतात. इथेही तसेच.

आता आमच्या आवडत्या माणसांकडे येऊ. आवडीची माणसे म्हणून त्यांना एकेरीत बोलावतो. राग नसावा.

टेर्ये हाकोनसेन : न दिसणारे कष्ट

नॉर्वे देशात टेलेमार्क नावाचा डोंगराळ भाग आहे. स्कीचा खेळ तिथेच वाढला असे मानतात. तिथल्या विन्ये भागात १९७४ साली टेर्ये हाकोनसेन जन्मला. पन्हळीच्या खेळात १९९३, १९९५ आणि १९९७ या तिन्ही साली तो जगज्जेता झाला. त्याने काढलेल्या एका उलट्या उडीला त्याच्याच नावावरून हाकोन फ्लिप म्हणतात.

हाकोनसेनची फळी बघताना वाटते, यात अवघड ते काय? हात-पाय उगाच फेकलेले नाहीत. अंग आखडलेले नाही. उडतो तेव्हा घाई नाही. उतरतो तेव्हा धडपड नाही. सराईत सुतार रंधा मारतो, तेव्हाही असेच वाटते. आपण रंधा हातात घेतला म्हणजे मग कळते. २००७ साली ऑस्लोच्या स्पर्धेत त्याने एका भिंतीच्या काठावरून ९.८ मीटर उंच उडी घेतली. म्हणजे ३२ फूट. तो तेव्हाचा विक्रम होता. पुढे इतरांनी तो मोडला. पण उंचीचा विक्रम करतानाही अंगाची ऐट ढळू द्यायची नाही, ही त्याची तऱ्हा.

त्याची आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात आहे. १९९८ च्या पहिल्या ऑलिंपिकला तो गेलाच नाही. फळीवाल्यांची स्वतःची संघटना होती. पण ऑलिंपिकच्या निवडीचा कारभार स्कीच्या संघटनेकडे दिला गेला. ज्यांनी कालपर्यंत आम्हाला डोंगरावर येऊ दिले नाही, त्यांच्या हाताखाली का खेळायचे, असे फळीवाल्यांतल्या पुष्कळांना वाटत होते. हाकोनसेन नुसते बोलून थांबला नाही. पदक मिळण्याची सर्वांत जास्त शक्यता ज्याची होती, तोच घरी राहिला. जे गेले ते चुकले असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या शब्दाची किंमत स्वतः भरणारा माणूस आम्हाला मोठा वाटतो.

शॉन व्हाइट आणि आयुमु हिरानो : एकाच पन्हळीतले दोघे

शॉन व्हाइट अमेरिकेतला. १९८६ साली जन्मला तेव्हाच त्याच्या हृदयात दोष होता. तान्हेपणीच त्याच्या हृदयावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. हाच मुलगा पुढे २००६ आणि २०१० च्या ऑलिंपिकमध्ये पन्हळीतले सुवर्णपदक घेऊन गेला. २०१४ साली मात्र तो चौथा आला.

आयुमु हिरानो जपानचा. मुराकामी गावचा, १९९८ सालचा. त्याच्या वडिलांनी गावात चाकांच्या फळीवर खेळायची जागा चालवली होती. तिथे तो लहानपणापासून घसटला. २०१४ साली, अवघ्या १५ व्या वर्षी, त्याने ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळवले.

२०१७ साल दोघांनाही वाईट गेले. मार्चमध्ये हिरानो एका स्पर्धेत पडला. त्याच्या यकृताला जखम झाली आणि गुडघ्याचा बंध दुखावला. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडला सराव करताना व्हाइटचे तोंड पन्हळीच्या काठावर आपटले. चेहऱ्याला ६२ टाके पडले.

आणि २०१८ च्या फेब्रुवारीत दोघे दक्षिण कोरियातल्या प्याँगचांग इथे पुन्हा समोरासमोर आले. हिरानोने चार गिरक्यांच्या दोन उड्या लागोपाठ मारल्या. त्याला ९५.२५ गुण मिळाले. व्हाइटची एकच संधी उरली होती. त्यानेही चार गिरक्यांच्या दोन उड्या लागोपाठ मारल्या. त्याला ९७.७५ गुण मिळाले. सुवर्ण व्हाइटला, रौप्य हिरानोला. ज्या तऱ्हेच्या उडीने चेहरा फाडला, तीच उडी चार महिन्यांनी पुन्हा मारायची, तीही शेवटच्या संधीत. मनाचा तोल म्हणतात तो हाच.

गोष्ट इथे संपत नाही. २०२२ साली बीजिंगला हिरानो एक नवी उडी घेऊन आला. तीत तीनदा डोके खाली जाते आणि चार पुऱ्या गिरक्या होतात. ऑलिंपिकच्या पन्हळीत ही उडी तोवर कोणी मारली नव्हती. दुसऱ्या संधीत त्याने ती आणि बाकीच्या सगळ्या उड्या बिनचूक मारल्या. पंचांनी ९१.७५ गुण दिले. ऑस्ट्रेलियाचा स्कॉटी जेम्स ९२.५० गुणांनी पुढे राहिला. पाहणारे संतापले. हे गुण कमी आहेत, अशी ओरड झाली.

हिरानोने काय केले? तो पुन्हा वर गेला. तिसऱ्या संधीत तीच अवघड उडी त्याने पुन्हा मारली आणि बाकीचे सगळे आणखी नीट केले. या वेळी ९६ गुण पडले. सुवर्णपदक त्याचे झाले. राग त्यालाही आला होता, असे तो नंतर बोलला. पण राग तोंडावाटे न जाता पायांवाटे गेला. त्याच दिवशी व्हाइट चौथा आला आणि त्याने स्पर्धांचा निरोप घेतला.

क्लोई किम : जिंकल्यावरची उडी

क्लोई किम कॅलिफोर्नियात वाढली. आईवडील मूळचे कोरियाचे. डोंगर घरापासून मोटारीने पाच-सहा तासांवर. वडील मध्यरात्रीनंतर गाडी काढत आणि लेक मागे झोपून जाई. तिच्या खेळासाठी वडिलांनी आपली नोकरी सोडली. २०१४ च्या ऑलिंपिकला जाण्याइतकी ती तयार होती, पण १३ वर्षांची असल्याने वयात बसली नाही.

२०१८ साली ती गेली. वय १७. पहिल्याच संधीत तिने ९३.७५ गुण मिळवले. शेवटची संधी येईपर्यंत तिला कोणी गाठू शकले नाही. म्हणजे सुवर्णपदक पक्के झाले होते. आता सावकाश हात हलवत खाली आली असती तरी चालले असते. पण तिने तीन गिरक्यांच्या दोन उड्या लागोपाठ मारल्या. ९८.२५ गुण पडले. पदक तेच, पण काम पुरे केल्याचे समाधान वेगळे. विकलेल्या मडक्यालाही कुंभार जसा शेवटचा हात फिरवतो, तसे हे वाटते.

पण कीर्तीचे ओझेही असते. रस्त्यात चालणे अवघड झाले. लोकांच्या अपेक्षा वाढल्या. २०१९ साली तिचा घोटा मोडला. मन थकले. एकदा तर तिने ते पदक कचऱ्याच्या डब्यात टाकले होते, असे तिनेच पुढे सांगितले. नंतर ते बाहेर काढले. मग तिने फळी बाजूला ठेवली आणि प्रिन्स्टन विद्यापीठात शिकायला गेली. २०२१ साली ती परत आली. २०२२ साली पुन्हा सुवर्णपदक मिळाले. पन्हळीत दोन सुवर्णपदके मिळवणारी ती पहिली बाई.

या वेळीही पहिल्याच संधीत तिचे काम झाले होते. उरलेल्या दोन्ही संधींत ती आणखी अवघड उडी मारायला गेली आणि दोन्ही वेळा पडली. त्या पडण्याचे आम्हाला काही वाटत नाही. दमले तर थांबावे आणि मन ताजे झाले की परत यावे, हे सांगायलाही धीर लागतो. थांबणे म्हणजे हरणे, असे समजणारी माणसे सगळ्या धंद्यांत असतात. त्यांनी क्लोईकडे बघावे.

लिंडसे जेकबेलिस : सोळा वर्षे

फळीची आणखी एक शर्यत आहे. चार जण एकदमच सुटतात. वाटेत वळणे आणि उंचवटे असतात. जो आधी खाली पोचेल तो जिंकला. गुण नाहीत, पंचांची मेहेरबानी नाही. २००६ साली इटलीत तुरिनच्या ऑलिंपिकला ही शर्यत पहिल्यांदा झाली.

अमेरिकेची लिंडसे जेकबेलिस तेव्हा २० वर्षांची होती. ती इतकी पुढे गेली की मागचे कोणी जवळपासही नव्हते. शेवटून दुसऱ्या उंचवट्यावरून उडताना तिने हवेतच हाताने फळी धरली. त्याची गरज नव्हती. उतरताना तोल गेला आणि ती पडली. उठून पुढे जाते तोवर स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडेन तिला ओलांडून गेली. लिंडसे दुसरी आली. मजा वाटत होती, ती लोकांबरोबर वाटून घ्यावीशी वाटली, असे तिने सांगितले. लोकांनी काही ऐकले नाही. वर्षानुवर्षे तिची ओळख त्या एका पडण्याने करून देत राहिले.

२०१० साली ती पाचवी आली. २०१४ साली सातवी. २०१८ साली चौथी; कांस्यपदक निमिषमात्राने हुकले. एरवी ती पाच वेळा जगज्जेती झाली होती. पण ऑलिंपिक आले की लोक पुन्हा तेच जुने चित्र दाखवत.

२०२२ साली ती बीजिंगला गेली. वय ३६. या खेळात एवढ्या वयाची माणसे थोडी. ती सुरुवातीलाच पुढे निघाली आणि शेवटपर्यंत पुढेच राहिली. फळी कुठेही हवेत उगाच धरली नाही. सुवर्णपदक मिळाले. तीन दिवसांनी ४० वर्षांच्या निक बॉमगार्टनरबरोबर मिश्र जोडीच्या शर्यतीत दुसरे सुवर्णपदक मिळाले.

सोळा वर्षे म्हणजे किती? तेव्हा जन्मलेले पोर आता दहावीला बसेल. एवढी वर्षे लोकांचे बोलणे ऐकत तेच काम करत राहायचे, आणि कडू व्हायचे नाही. पडल्यावर उठायला क्षण लागतो. लोकांच्या नजरेतून उठायला लागली ती सोळा वर्षे.

एमी पर्डी : घोट्याशिवाय

मघाशी आपण म्हटले की हा खेळ तळपायाचा आणि घोट्याचा. आता ज्याला घोटाच नाही त्याने काय करावे?

एमी पर्डी अमेरिकेतली. १९९९ साली, १९ व्या वर्षी, तिला मेंदूच्या आवरणाचा जंतुदोषाचा ताप आला. जीव वाचला, पण दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे वडिलांनी आपले एक मूत्रपिंड तिला दिले.

ती आधी फळी चालवत असे. तिला पुन्हा फळीवर उभे राहायचे होते. पण बाजारात मिळणारे कृत्रिम पाय चालण्यासाठी केलेले होते. त्यांचा घोटा फळीला हवा तसा वाकत नव्हता. तिने आणि पाय बनवणाऱ्या कारागिराने हाताशी असलेले तुकडे जुळवून फळीला चालतील असे पाय तयार केले. खाली हिम कसे आहे, कड किती रुतली आहे, हे आपल्याला तळपायाने कळते. तिला ते गुडघ्याने आणि मांडीने ओळखावे लागे. म्हणजे तिने तोल सांभाळण्याची नवी रीत शिकून घेतली.

२००५ साली तिने अपंग खेळाडूंसाठी एक संस्था काढायला हातभार लावला. २०१४ साली रशियात सोची इथे अपंगांच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फळीची शर्यत पहिल्यांदा झाली. तिथे एमीला कांस्यपदक मिळाले. २०१८ साली एक रौप्य आणि एक कांस्य मिळाले. तिला बघून कोणी हळहळले तर तिला आवडत नसावे, असे आम्हाला वाटते. तिची वळणे बघावीत आणि वळणांनाच दाद द्यावी.

क्रेग केली : डोंगराचा विद्यार्थी

शेवटी ज्याची गोष्ट सांगताना मन जड होते त्याच्याकडे येऊ.

क्रेग केली १९६६ साली जन्मला. तो चार वेळा जगज्जेता झाला. पुढे आलेल्या कितीतरी खेळाडूंनी त्याची वळणे पाहून वळायला शिकले. तो ऐन भरात असताना स्पर्धा सोडून निघून गेला. तारा, झेंडे, पंच हे काही नसलेल्या दूरच्या डोंगरांवर तो फळी चालवू लागला. तिथे कोणी गुण देत नाही. पण तिथे दुसरे एक भय असते. ते म्हणजे हिमस्खलन.

हिमस्खलन कसे होते ते सांगतो. डोंगरावरचे हिम भाकऱ्यांच्या चवडीसारखे थराथरांनी बसते. सगळे थर एकमेकांना घट्ट धरतात असे नाही. एखादा मधला थर रव्यासारखा मोकळा राहतो. त्यावर नवे जड थर बसतात. वरून काही दिसत नाही. माणसाचा भार पडला की तो मोकळा थर चिरडतो. मग वरची लादीच्या लादी सुटते आणि वाटेतल्या सगळ्याला घेऊन खाली येते. गाडला गेलेल्या माणसाला पहिल्या पंधराएक मिनिटांत बाहेर काढले तर आशा असते. म्हणून असे लोक एकटे जात नाहीत. प्रत्येकाजवळ खूण पाठवणारे यंत्र, लांब सळई आणि फावडे असते.

केलीला हे सारे ठाऊक होते. त्याला नुसती फळी चालवायची नव्हती. डोंगर वाचायला शिकून वाटाड्या व्हायचे होते. जगज्जेता असूनही तो नवशिक्यासारखा कॅनडात शिकायला बसला. २० जानेवारी २००३ या दिवशी रेव्हलस्टोक गावाजवळच्या डोंगरांत हिमस्खलन झाले. सात माणसे गेली. केली त्यांतला एक. वय ३६.

मग कोणी म्हणेल, "एवढं शिकून उपयोग काय झाला?" त्यावर आम्ही एवढेच म्हणू. शिकल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. समुद्रात जाणाऱ्या कोळ्याला आणि विहीर खणणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. डोंगर कोणाची पदके बघत नाही. हे ओळखून जो शेवटपर्यंत विद्यार्थी राहिला, त्याला आम्ही मानतो. धाडस आणि आडदांडपणा यांत फरक आहे. आडदांड माणूस धोका बघतच नाही. धाडसी माणूस तो मोजतो, मोजायला शिकतो आणि मग पाऊल टाकतो.

बघायचे झाले तर

आपल्या देशातही हिमालयात हिम पडते. काश्मीरमध्ये गुलमर्गच्या उतारावर फळीवाले दिसतात. हिवाळी ऑलिंपिक दर चार वर्षांनी येते आणि आता ते घरबसल्या पडद्यावर बघता येते. तेव्हा जरूर बघा. शेजारच्या पोरांनाही बोलवा.

बघताना एवढे करा. खेळाडू उडाला की सगळे ओरडतील. ओरडू द्या. आपण त्याच्या गुडघ्यांवर नजर ठेवा. भिंतीच्या वरच्या भागात उतरला का? गुडघे मऊ राहिले का? पुढच्या भिंतीकडे जाताना वेग टिकला का? आणि पडला तर उठून पहिली गोष्ट कोणती करतो, तेही बघा. बहुतेक जण आधी वर बघून हात हलवतात. मी ठीक आहे, असे सांगायला. मग फळीवरचे हिम झटकतात आणि खाली निघतात.